‘बायपास’मधला जास्तीचा सूर

साऊंड चेक अर्ध्यावर आला होता आणि कॉलेजच्या कंपाउंडबाहेरून माझंच गाणं चालत आलं.

देवळाली प्रवऱ्यातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग होतं, आणि संध्याकाळी आमच्या बँडचा कार्यक्रम होता. साऊंड चेक म्हणजे कार्यक्रमाआधी एकेक वाद्य वाजवून आवाज नीट लावून घेणं. समोर रिकाम्या खुर्च्या असतात आणि साऊंडवाला ‘अजून एकदा’ म्हणत राहतो. मी गिटारवर ‘बायपास’ची रिफ वाजवत होतो. रिफ म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला वाजणारा आणि मग फिरून फिरून येणारा छोटा तुकडा. लोक शब्द विसरतात, रिफ विसरत नाहीत. मी वाजवायचा थांबलो, तरी रिफ वाजतच राहिली. बाहेर वरात निघाली होती, टेम्पोवर बँजो पार्टी बसली होती, आणि बँजोवाला माझी रिफ वाजवत होता.

मी स्टेजवरून उतरून गेटपाशी गेलो. नवरदेवाचे मित्र, मामा, मावश्या, सगळे नाचत होते. एक आजोबा टोपी काढून वारा घेत होते आणि तरी पाय हलवत होते. हे गाणं मी तीन वर्षं वाजवतोय, नेटवरही टाकलंय. माझ्या गाण्यावर टोपी सोडा, कुणी मानसुद्धा हलवलेली मला आठवत नाही.

आमच्या बँडचं नाव ‘उघडी वायर’. आम्ही तिघं. मी आसिफ, गिटार वाजवतो आणि गाणी करतो. विराज गातो आणि बेस गिटार वाजवतो. संतोष, म्हणजे संत्या, जामखेडचा, ड्रम्सवर असतो. नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, मराठी रॉक वाजवणारे आमच्याशिवाय मला तरी कुणी माहीत नाहीत. पहिल्या दिवसापासून आमचा एक नियम आहे: फक्त ओरिजिनल वाजवायचं. ओरिजिनल म्हणजे स्वतः केलेलं. सिनेमाची गाणी नाहीत, फर्माईश नाही. या नियमापायी आमचे कितीतरी कार्यक्रम गेले. लोक विचारायचे, ‘मग नाचायचं कशावर?’ मग आम्ही सामान आवरायला घ्यायचो.

आणि आता लोक नाचत होते. माझ्याच गाण्यावर, पण माझ्यामुळे नाही. मी तिथेच गेटपाशी जळत उभा राहिलो.

पण खरा त्रास वेगळाच होता. बँजोवाल्याने माझी रिफ जशीच्या तशी उचलली असती, तर मी त्याला चोर म्हणून मोकळा झालो असतो. त्याने तिच्यात एक सूर जास्तीचा घातला होता. माझ्या रिफमध्ये शेवटी वरच्या सुरावरून सरळ खालच्या सुरावर उतरायचं असतं. त्याच्याकडे तो वरचा सूर जाता जाता पुन्हा एकदा वाजायचा, क्षणभर रेंगाळायचा आणि मग घसरत खाली यायचा. निघालेला माणूस दारातून एकदा मागे वळून बघतो, तसं काहीसं. नेमक्या त्याच जागी नाचणारे हात वर करून ‘ओय-हो’ करत होते. तो सूर तिथे हवाच होता. तीन वर्षांत तो मला दिसला नव्हता आणि हा माणूस टेम्पोवर बसून, गर्दीकडे बघत, तंबाखू चघळत तो वाजवत होता.

मी मागे पाहिलं तर संत्या गेटच्या लोखंडी गजांवर ड्रमच्या काठ्यांनी ताल धरून उभा होता. म्हणाला, “आस्या, लई भारी केलंय राव यानं.”

मी म्हणालो, “तू तुझे ड्रम लाव जा.”

गॅदरिंगचे इन्चार्ज शेळके सर होते. ते लगबगीने स्टेजपाशी आले.

“अहो, ते आत्ता वरातीत वाजत होतं ना, ते तुम्हाला येतं का? मुलं म्हणतायत तेच पाहिजे.”

“सर, ते आमचंच गाणं आहे.”

“हो हो, तुम्ही पण वाजवता ना, मग झालं तर.”

“‘पण’ नाही, सर. मी केलंय ते.”

“फारच छान,” सर म्हणाले आणि हारतुरे बघायला निघून गेले. त्यांना ते पटलं नव्हतं हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

विराज आणि संत्या चहाला गेले, तेव्हा मी गिटारचा आवाज बंद केला आणि तो सूर वाजवून पाहिला. गिटारवर त्यासाठी एक युक्ती असते. एका बोटाने सूर दाबायचा आणि ते बोट तारेवरून ओढूनच उचलायचं, म्हणजे वरचा सूर खालच्यावर घसरतो. जमेना. मग जरासा जमला. आणि जमला तेव्हा अंगावर काटा आला. त्यानंतर मला माझी मूळ रिफ वाजवताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं. स्वतःचंच गाणं मला अपुरं वाटत होतं, आणि ते एका अनोळखी माणसाने तसं करून ठेवलं होतं.

चहा पिऊन आल्या आल्या संत्याने विषय काढला. “आपून बी तसंच वाजवू. स्पीड जरा वाढवू आन् ती उतरण घेऊ. पब्लिक येडी व्हईल.”

“नाही.”

“का न्हाई?”

“गाणं जसं केलंय तसंच वाजणार. उद्या कुणी त्यात ढोलकी घालेल, मग ती पण घ्यायची? आपल्याला काही तत्त्व आहे की नाही?”

विराजने बेसची पट्टी खांद्यावर घेतली. तो कमी बोलतो. म्हणाला, “आसिफ, सूर चांगला आहे म्हणून नको आहे, की दुसऱ्याचा आहे म्हणून?”

मी म्हणालो, “दोन्ही एकच.” एकच नव्हतं ते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण कार्यक्रमाच्या आधी बँडमध्ये भांडण वाढवत नाहीत, म्हणून त्याने बेसच्या तारा लावायला घेतल्या.

संध्याकाळी मैदान भरलं. चौथं गाणं ‘बायपास’ होतं. मी रिफ सुरू केली आणि पहिल्या सुरालाच पोरांनी जी शिट्टी मारली, तशी शिट्टी आम्हाला आयुष्यात मिळाली नव्हती. मी मनात म्हटलं, आता कळेल यांना खरं गाणं काय असतं ते. रिफच्या शेवटी आलो आणि वरून सरळ खाली उतरलो, जसं केलंय तसं.

आणि त्या जागी सगळं मैदान ओरडलं, “ओय-हो!”

मी सोडलेला सूर त्यांनी स्वतः भरला. तोही बरोबर पट्टीत, रेंगाळत आणि घसरत. मला वाटलं, एकदा होईल. दुसऱ्या फेरीला आवाज दुप्पट झाला. तिसऱ्या फेरीला विराज माईकपासून दोन पावलं मागे सरकला आणि हसत त्यांना जागा करून द्यायला लागला. संत्यानेही तिथे ड्रम थांबवला. थोडक्यात, माझ्याच बँडने माझ्याविरुद्ध संगनमत केलं. मी मात्र इरेला पेटून शेवटपर्यंत सरळच वाजवत राहिलो. पोरं थकली नाहीत. गाणं संपल्यावर शेळके सर स्टेजच्या कडेला आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुम्ही पण छान वाजवता हो.”

तो ‘पण’ मी घरी घेऊन आलो.

त्यानंतर काही दिवस मला दुसरं काही सुचेना. शेवटी चौकशी केली. बँजोवाल्याचं नाव किसनभाऊ होतं आणि ते घोडेगावजवळच्या एका वस्तीवर राहत होते. त्यांना सांगायचं होतं की गाणं माझं आहे. पण त्याहून जास्त, तो सूर त्यांना सुचला कसा, हे मला बघायचं होतं. चांगला वाजवणारा माणूस भेटला की मी आधी त्याची बोटं बघतो आणि मग रात्रभर तळमळतो. खोड आहे.

किसनभाऊ दारात बसून बँजोच्या तारा पुसत होते. आपल्याकडचा बँजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याला कर्णे जोडले की निम्म्या तालुक्याला ऐकू जातं. मी ओळख सांगितली. त्यांनी बाज पुढे सरकवली आणि आत चहा सांगितला.

“भाऊ, तुम्ही वरातीत ते बायपासचं वाजवता ना, ते माझं गाणं आहे.”

“तुमचं हाय व्हय!” ते इतके खूश झाले की मला भांडताच येईना. “घोडेगावच्या बाजारात गेल्तो. एका म्हशीच्या व्यापाऱ्याच्या मोबाईलची रिंग हुती ती. दोनदा वाजली, तेवढ्यात ध्यानात ऱ्हायली. मग परवा कुनीतरी मला सांगितलं, ‘किसनभाऊ, कॉलेजात एक पार्टी तुमचं गानं वाजवती.’ मला वाटलं, कुनी का वाजविना, चांगलं हाय.”

म्हणजे त्यांच्या लेखी मीच त्यांची नक्कल करत होतो. मी चहाचा घोट घेतला आणि मुद्द्यावर आलो.

“तो शेवटचा सूर तुम्ही घातला. तो कसा सुचला?”

“कोनता सूर?”

मी तोंडाने म्हणून दाखवला. किसनभाऊंचा चेहरा एकदम पडला.

“अवो, ते व्हय. ते सुचलंबिचलं काय न्हाई.” त्यांनी बँजो मांडीवर घेतला आणि वरची एक कळ दाबून सोडली. बाकीच्या कळा टक्कन वर यायच्या, ही जरा थांबून, कुरकुरत वर आली. “एका वरातीत पानी शिरलं, तवापासून हिची स्प्रिंग गंजली. दाबली की अडकती. खालची कळ दाबून तार छेडली, तरी ही अजून दाबलेलीच ऱ्हाती म्हनून पयला हिचाच सूर निघतो, मग ही सुटती. लई दिवस झालं, नीट करायची ऱ्हायलीय.”

मी त्या कळेकडे बघत बसलो. एवढे दिवस मी ज्याच्यावर जळत होतो तो कुणी कलावंत नव्हता, एक गंजलेली स्प्रिंग होती. माणसावर जळण्यात निदान थोडी इज्जत असते.

किसनभाऊ खरोखर ओशाळले होते. “तुमचं गानं मी बिगडवलं की वो, आसिफभाई. वाईट वाटून घेऊ नका. आता नवी स्प्रिंग टाकतो आन् तुमी केलंय तसं वाजवतो. तुमचं नाव बी घेतो माईकवर.”

तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं. पण मला आतून इतकं बरं वाटलं, की मी फक्त “चालेल, भाऊ” म्हणालो. तो सूर जगातून जाणार होता. उरणार होतं ते माझं गाणं, माझ्या नावासकट. गाडीवरून येताना मी शीळ घालत होतो. शिळेतही तो सूर येऊ नये म्हणून सांभाळत होतो.

पुढच्या लग्नसराईत संत्याच्या बहिणीचं लग्न जामखेडला होतं, आणि बँजोसाठी त्याने मुद्दाम किसनभाऊंना बोलावलं होतं. वरात चौकात आली. मला पाहून किसनभाऊंनी टेम्पोवरूनच हात जोडले आणि माईक घेतला.

“आता जे वाजनार हाय ते गानं नगरच्या आसिफभाईंनी केलेलं हाय. ते सवता हितं हजर हायेत. त्यांचं गानं, जसंच्या तसं!”

चौकातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विराजने माझ्या पाठीत थाप मारली. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं हट्टाने वाजवत होतो, ते नेमकं हेच होतं. किसनभाऊंनी रिफ धरली. कळ टक्कन वर आली, सूर वरून सरळ खाली उतरला, अगदी मी केला होता तसा.

हात वर केलेले लोक हात वर ठेवूनच थांबले.

“चुकलं!” कुणीतरी ओरडलं. मग चारी बाजूंनी सुरू झालं, “चुकलं, चुकलं!” हळदीने माखलेली एक मावशी टेम्पोला खेटून म्हणाली, “अवो बँजोवाले, नीट वाजवा की! आमच्या पोरीचं लगीन हाय.”

किसनभाऊ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. आता काय करू, असं विचारत होते बिचारे. माझ्या नावाने, माझ्या डोळ्यांदेखत, माझं गाणं माझ्यासारखं वाजवलं म्हणून त्यांना शिव्या बसत होत्या. मी मान हलवली, हाताने ‘चालू द्या’ अशी खूण केली आणि होती नव्हती ती लाज सोडून मोठ्याने ओरडलो, “ओय-हो!”

पुढच्या फेरीला सगळा चौक ओरडला. वरात पुढे सरकली.

आता आम्ही ‘बायपास’ त्या सुरासकट वाजवतो. पहिल्यांदा वाजवला तेव्हा शेळके सरांसारखेच एक गृहस्थ येऊन म्हणाले, “बँजोवरचं गिटारवर छान बसवलंय.” मी थँक्यू म्हणालो. किसनभाऊंनी जुनी स्प्रिंग परत बसवली. ती टाकून न देता डबीत जपून ठेवली होती त्यांनी, हे ऐकूनही मला जरा टोचलंच.

आमच्या धंद्यातलं शहाणपण मला या प्रकरणातून मिळालं ते एवढंच: गाणं आपलं आहे, हे लोकांनी ऐकायच्या आधी सांगून घ्यावं. एकदा त्यांनी ऐकलं की आपल्या हातात फक्त ते बरोबर वाजवणं उरतं, आणि बरोबर कशाला म्हणायचं ते वरातीतली मावशी ठरवते.

तत्त्व वगैरे मी अजून सोडलेलं नाही. सिनेमाची गाणी आम्ही अजूनही वाजवत नाही. पण ती उतरण गिटारवर स्वच्छ बसवायला मला सगळा उन्हाळा लागला, बोटाला घट्टा पडला, आणि अजूनही पाचातून एकदा हुकते. त्यांची कळ आपोआप अडकते. मी जळू नको तर काय करू?