गळतीचा खुलासा

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाने आमच्या मुख्याध्यापिका बाईंना फसवलं. मी शाळा समितीचा अध्यक्ष. पत्र्याचं दुकान शून्यातून उभं केलंय. समोरचा चुकतोय की मुद्दाम चुकवतोय, ते मला बरोबर कळतं.

चौथीच्या वर्गात फळ्याजवळ बादली ठेवलेली असते. पाऊस थांबला तरी तिच्यात थेंब पडत राहतात आणि मुलं त्या ठेक्यावर पाढे म्हणतात. मी ते ऐकत उभा होतो, तेवढ्यात बाईंनी कार्यालयाचं पत्र हातात दिलं. बाईंनी कार्यालयाला कळवलं होतं, ‘शाळेत गळती आहे.’ उत्तर आलं होतं, ‘शाळा सोडलेल्या मुलांची नावं व गळतीचा खुलासा सादर करा.’

“अहो बाई, छपराची गळती असं लिहायचं ना!”

“दादा, छपराचे फोटो जोडले होते.”

बाई तास सोडून खुलासा लिहायला बसल्या. एका शब्दाचे दोन अर्थ असले, की कार्यालयाला नेमका बाईंच्या अंगावर येणारा अर्थ कसा सापडतो? छप्पर म्हटलं तर दुरुस्ती कार्यालयाच्या गळ्यात पडते. इकडे छपराचा वासा कुजतोय, म्हणून दोन आयांनी मुलींचे दाखले मागितलेत. म्हणजे आता खरंच मुलं गळणार.

फोटो बघून ज्याने हे पत्र काढलं, त्याने या मुलींच्या आयांसमोर उभं राहून खुलासा द्यावा. बाईंना मी तो देऊ देणार नाही.