अंगठा कोणता, ते सांगू नका

गेल्या महिन्यात उदगीरहून फोन आला, तेव्हा मी देवणीच्या तहसील आवारात एका वारसा-अर्जाचा मजकूर योजीत होतो. बिराजदार सर गेले... सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता. गेली सत्तावीस वर्षे मी अर्जनवीस म्हणून लोकांची गाऱ्हाणी शासनाच्या भाषेत बसवीत आलो आहे. त्या दिवशी मात्र मला पुढची ओळ सुचली नाही.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. माणसे आणि जनावरे डावी-उजवी का होतात, हा त्यांचा ध्यास. गोठ्याच्या दारात उभे राहून गाय पुढचा कोणता पाय आधी टाकते, हे ते वहीत टिपत. पुष्कळांना ते चेष्टेचे गिऱ्हाईक वाटत. मेंदूचे दोन भाग म्हणजे बैलजोडी, ओढतात दोघेही, परंतु कोणत्या कामाला कोणी पुढे व्हायचे हे बरेचसे ठरलेले, असे त्यांनी मला समजावले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी मला ते तत्काळ उमगले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

त्यांना लेखणीने वळण न लावलेला हात पाहायचा होता, आणि असे हात सहीऐवजी अंगठा उठवायला माझ्यापुढेच येतात. सर तीन महिने माझ्या टेबलाशेजारी बसले. अट एकच : अंगठा कोणता, ते मी सांगायचे नाही, माणूस आपण होऊन कोणता हात पुढे करतो, तेवढे पाहायचे. मी ती अट तंतोतंत पाळली. जवळजवळ प्रत्येक जण डावा हात पुढे करी. सर हरखून जात.

"लई दिवस विचार करायलोय, अर्जनवीस," ते म्हणाले. "देवणीचं पाणीच वेगळं हाय का काय?"

त्यावर त्यांनी निबंध लिहिला. नांदेडच्या परिसंवादात तो वाचायचा होता. गाईंचे पाय मोजणारा म्हातारा म्हणून हसणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना तेच त्यांचे उत्तर होते.

परिसंवादाच्या आदल्या दिवशी मी चहाच्या टपरीवर एका आजींना कागदपत्रे सांगत होतो : आधारची प्रत, दोन फोटो, डावा अंगठा. शेजारची बाई हसली.

"अंगठ्याचं नका सांगू, दादा. हितं च्या पितानाच समद्यायकून घोकून घेता तुम्ही."

माझा कप तसाच हातात राहिला. टेबलाशी मी मौन पाळले होते. टपरीवर मात्र, पुढचा वेळ वाचावा म्हणून, प्रत्येकाला डावा सांगूनच पाठवीत होतो. इतक्या वर्षांच्या सवयीमुळे ते मला सांगणे वाटतच नव्हते.

माझ्या मसुद्यात चूक निघाली, असे आजवर कोणी म्हणू शकलेले नाही. तरीही दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नांदेड गाठले आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर सरांना सर्व निवेदन केले. त्यांनी निबंधाची पाने उलटली... मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, ते रडत आहेत. पण ते हसत होते.

"म्हंजे तीन महिने मी तुमचाच मेंदू मोजला की."

व्यासपीठावर त्यांनी निबंध मिटला आणि हीच हकीकत सांगितली, माझा उल्लेख 'माझे सहकारी' असा करून. सगळे पोट धरून हसले. सर्वांत अधिक ते स्वतः. परतताना बसमध्ये म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून मोजू. तुम्ही टपरीवर नुस्ता च्या प्यायचा."

सर गेले तेव्हा दुसरी वही अर्ध्यावर आली होती. ती माझ्याच टेबलावर राहिली. काल एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरून विचारले, "कोन्ता लावू, मालक?" मी शाईची डबी उघडली आणि गप्प बसलो. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, जरा वैतागले, आणि अखेरीस उजवा पुढे केला. मी आधी वहीत खूण केली. मगच कागदासाठी त्यांचा डावा मागितला.