वांग्याची गाय

जपानातल्या कोहामाच्या कोळीवाड्यात शिगे हट्टी म्हणून प्रसिद्ध होती. गावाचं काय जातं म्हणायला. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा तिने खडकांवरचं शेवाळ खरवडून आणि मासे सुकवून एकुलत्या एका मुलाला वाढवलं. हट्ट नसता तर मायलेक दोघंही उपाशी मेले असते.

तो मुलगा, तोमेजी, गेल्या शरदात माकुल धरायला गेलेल्या बोटीवर होता. वादळ झालं. बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, काही माणसंही लागली. तोमेजी लागला नाही.

ज्यांची माणसं सापडली नाहीत त्या बाकीच्या घरांनी रिकाम्या शवपेट्या पुरून क्रियाकर्म उरकलं. शिगेने मात्र मुलाचं पान वाढायला घेतलं. दूर गेलेल्या माणसाचं पान त्याच्या जागी मांडलं की तो असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी जुनी रीत. जेवणं झाली की त्याच्या कढणाच्या वाटीवरचं झाकण उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर माणूस सुखरूप. शिगेच्या झाकणाला रोज थेंब असायचे. चुलीवरून उकळतं कढण ओतून झाकलं तर थेंब येणारच, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

सून मिने रोज ते झाकण बघायची आणि गप्प राहायची. ती बोलली ती उन्हाळा सरता सरता, ओबोन तोंडावर आला तेव्हा. ओबोनला पितर घरी येतात. ज्याचं पहिलंच वर्ष असेल त्याच्यासाठी दारात पांढरा कंदील लावतात, कारण त्याला ती वाट नवी असते.

“आई, कंदील आणायला हवा,” मिने म्हणाली.

शिगे अंगणात वाळत घातलेले मासे उलटत होती. “कुणासाठी?”

मिनेला नाव घेववेना.

“माझ्या धडधाकट मुलाच्या नावाने मेलेल्याचा कंदील लावू? तुला एवढी कसली घाई झालीय गं? माहेरी दुसरं स्थळ बघून ठेवलंय का?”

मिने तिच्याजवळ जाऊन बसली. “ते जिवंत असले आणि दारात कंदील बघितला, तर आपल्या दोघींना शिव्या घालतील. मी खाईन त्या शिव्या, हसत खाईन. पण नसले, आणि सगळ्यांच्या दारातला उजेड बघत बघत आपल्या दाराशी आले, आणि इथे अंधार असला, तर काय करतील? विचारतील कुणाला?”

शिगे मासे उलटत राहिली. तिला सुनेचा राग आला होता, आणि रागावायला जागा नव्हती म्हणून तो जास्तच आला होता. पुढे काही दिवस ती तिच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी स्वतःच बाजारात जाऊन कंदील घेऊन आली. टांगताना मिनेला हात लावू दिला नाही.

ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी पितरांना वाट दिसावी म्हणून गल्लीत दारोदारी पाइनच्या ढलप्या पेटल्या. शिगेने काकडीला काड्यांचे पाय टोचून घोडा केला. त्यावर बसून पितर लवकर घरी येतात. पाय तिने चांगले लांब ठेवले. घोड्याशेजारी वांग्याची गाय लागते, परतताना सावकाश जायला. ती तिने केली नाही.

“आई, गाय राहिली.”

“वांगी कुठायत?”

परसात झाडाला वांगी लोंबत होती. मिनेने तिकडे बघितलं, सासूकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

ते दिवस शिगेने झाकण उचलून बघितलं नाही. देव्हाऱ्यासमोर पान ठेवायची आणि बोलत बसायची. छप्पर गळतंय, देन्झोने नवी बोट घेतली, मिने रात्रीची जेवत नाही, तूच सांग तिला. स्वयंपाकघरात मिने ऐकत होती. इतक्या महिन्यांत त्या घरात तोमेजीशी कोणी बोललं नव्हतं. तिने बाहीचं टोक तोंडात कोंबलं आणि पोटभर रडून घेतलं.

पितरांना निरोप द्यायच्या संध्याकाळी शेजारची सुएनो आली. तिचा मुलगाही त्याच बोटीवर होता.

“शिगे, आवर. सगळ्यांचे निरोपाचे विस्तव पेटले.”

“आमच्याकडून कोणी जाणार नाहीये.”

सुएनोला गाय नसलेला घोडा दिसला. ती उंबऱ्यावरच बसली.

“मलाही नव्हतं पाठवायचं गं,” ती म्हणाली. “वांग्याला पाय कसे टोचले ते माझं मला माहीत. पण दोघं पोरं बरोबर गेली होती ना? आता माझ्याला एकट्याला लावू का वाटेला? तो वळून वळून तुझ्याच दाराकडे बघत बसेल. आणि तुझा? त्याला इथून जाता येईना आणि इथे राहताही येईना, तर बिचाऱ्याने करायचं काय?”

शिगेने घोडा उचलून त्याचे लांब पाय चाचपले. मग उठून परसात गेली आणि एक मोठं वांगं तोडून आणलं. वांगं मिनेने धरलं.

“काड्या आखूड मोड,” शिगे म्हणाली. “हळूच जाऊ दे.”

दारात विस्तव पेटला. गायीचं तोंड समुद्राकडे करून दोघी शेजारी शेजारी उकिडव्या बसल्या. पलीकडे सुएनो आपल्या मुलाशी पुटपुटत होती. बोट सुटताना धक्क्यावरच्या बायका म्हणतात, तसं ‘जाऊन ये’ शिगेच्या तोंडाशी आलं. पण ते जिवंत माणसाला म्हणायचं असतं. मिनेने तिचा हात घट्ट धरला.

“पुढच्या ओबोनला ये, तोमेजी,” शिगे म्हणाली.