गुलबर्ग्याचा खून

दादाने पुण्यात मित्राच्या घरी टीव्हीवर खुनाचं एक विनोदी नाटक पाहिलं आणि आमच्या घरची शांतता संपली. "मेलेला माणूससुद्धा हसवतो गं!" असं सांगून सांगून त्याने आईचं डोकं खाल्लं, आणि अखेर सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या घरात टीव्ही आला. पण पुण्याचं केंद्र काही दिसेना. दिसलं ते सीमेपलीकडचं गुलबर्गा, तेही कानडीतून आणि पडद्यावरच्या मुंग्यांसकट.

घरात कानडी येत होतं एकट्या वहिनीला. ती अक्कलकोटकडची, नवी सून. तिच्या कानडीला आई 'डब्यात खडे वाजवणं' म्हणायची. पण अडला हरी! त्याच आईने तिला चुलीपुढून उठवून टीव्हीपुढे बसवलं. "काय म्हणतोय बाई त्यो?"

पडद्यावर एक चष्मेवाला हातात बाटली धरून हसत होता. बाटलीवर कवटीचं चित्र. वहिनी एकदा चुलीकडे वळून बघत म्हणाली, "पाटलाला कुणीतरी विष पाजलंय. हे गुप्तहेर हायेत."

झालं! रोज संध्याकाळी खुनाचा तपास सुरू. आई स्वतः भाकऱ्या थापायला लागली आणि आतूनच ओरडून विचारायची, "त्या शेळीचा काय संबंध?" शेळी साक्षीदार होती. मेलेला पाटील चौथ्या दिवशी चालत आला, तेव्हा वहिनीने त्याला जुळा भाऊ करून टाकलं. आई म्हणाली, "मला पयल्यापास्नं संशय हुताच की!"

पुढच्या आठवड्यात गुप्तहेराने पाठीला पंप बांधून कपाशीवर फवारा मारला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो शेतीखात्याचा साहेब होता. मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच या घरात निवांत बसली होती आणि सगळे तिचं ऐकत होते. मी तोंड मिटलं.

मग तिचे वडील आले. शाळामास्तर, खोट्याची भयंकर चीड. संध्याकाळी आईने त्यांनाच टीव्हीपुढे बसवलं. पडद्यावर साहेब उसाची कांडी दाखवत होता.

"व्याहीबुवा, आता तुमीच सांगा. पाटलाला मारलं कुणी? तुमची लेक काय सांगंना झालीया."

मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती पदराचं टोक पिळत होती. आत तव्यावर भाकरी करपत होती, पण कुणी उठेना. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला.

"खुनी अजून घावला न्हाय," ते म्हणाले. "लई पोचलेला हाय. विहीणबाई, समदं नीट ऐकावं लागंल. माझ्या पोरीला हितनं उठवू नका."