गावभर एकच कलेक्टरीण

यशोधरा गावची पशुसखी. घोडेगावच्या गुरांच्या बाजारापासून जवळच्या त्या गावात गोठ्यागोठ्यांतून फिरायचं, कुठली गाय रवंथ करत नाही, कुणाच्या कासेला सूज आली, कुणाची गाभडली म्हणजे गाभ पडला, हे विचारून मोबाईलमध्ये भरायचं. त्यावरून डॉक्टर कधी बोलवायचा, खुराक काय बदलायचा ते ठरे. काम साधं, पण बायका खरं सांगतील तर. बायका घरातलं भांडण सांगतील, सुनेच्या चहाड्या करतील, पण गाईचं दुखणं? छे! "झकास हाय की," म्हणून मोकळ्या. ही भीड मोडण्यातच यशोधराची काही वर्षं गेली.

मग महिला दूध गटाने आचारसंहिता केली. कायदा नव्हे, सक्ती नव्हे, आपणहून पाळायचे नियम. जनावराची माहिती मालकिणीची. तिला विचारल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही, आणि गेलीच तर नाव काढून जाईल. गटाने सह्या केल्या, खुराक बनवणाऱ्या एका कंपनीनेही सही केली. सभेत नियम मोठ्याने वाचून दाखवले ते यशोधरानेच. वर गटातल्या लंकाबाईचा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमचं नाव भायेर जानार न्हाई. माझा शबुद हाय."

त्या शब्दावर लंकाबाईने सांगून टाकलं, की आपली गाय एकदा गाभडली होती. पुढे ती दोनदा नीट व्याली, आजही चरवी भरून दूध देते. गाईचं नाव कलेक्टरीण. उन्हं अंगावर आल्याशिवाय बाईसाहेब उठत नाहीत, म्हणून.

अलीकडे लंकाबाईच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. धार काढवेना. म्हणून तिचा नवरा कोंडीराम गाय घेऊन घोडेगावला गेला. तिथे जुन्या चालीचे व्यापारी अजून भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. एका व्यापाऱ्याने रुमाल टाकला, बोटं धरली, गाईचं नाव विचारलं आणि हात काढून घेतला.

"कलेक्टरीण व्हय? ही गाभडलेली नव्हं का?" हे चारचौघांत, मोठ्याने. मागाहून दोनदा व्याल्याचं कोंडीराम घसा कोरडा पडेस्तोवर सांगत राहिला. दिवसभरात दुसऱ्या कुणी रुमाल टाकला नाही. गाय टेम्पोत घालून परत आणावी लागली.

गावात बोंब झाली. संशय गेला डेअरीवरच्या मच्छिंद्रवर, कारण तो बोलघेवडा. यशोधराला मात्र दुसरंच आठवलं. महिन्याभरापूर्वी सगळ्याजणींना विचारून तिने कंपनीला माहिती पाठवली होती. तिने फोनमध्ये ती उघडून पाहिली. मालकिणींच्या नावांचा रकाना कोरा होता; एकेक नाव तिने स्वतः पुसलं होतं. शेजारच्या रकान्यात गाईंची नावं मात्र जशीच्या तशी. चांदणी, पैठणी, रंभा, कलेक्टरीण.

पुण्याच्या माणसाला त्यातून काही कळलं नसतं. पण या भागात गाईचं नाव म्हणजे घराचा पत्ताच की! ती स्वतः रोज "पैठणीकडं जाऊन येते" असंच सांगून घरातून निघायची. आणि हेच नेमकं तिच्या ध्यानात येऊ नये? तिला स्वतःची भयंकर चीड आली. तिने कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, यादी घोडेगावच्या आमच्या विक्रेत्यांना दिली खरी, पण नावं नव्हतीच की त्यात," तो गोड आवाजात म्हणाला. "आणि ते नियम ऐच्छिक आहेत ना?"

नवरा योगेश म्हणाला, "गप ऱ्हा. लोकांना मच्छिंद्र वाटतोय, वाटू दे." ती ताट सारून उठली. बोललं तर सगळे गोठे तुटणार, न बोललं तर मच्छिंद्र हकनाक बदनाम. शेवटी ती लंकाबाईकडे गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

लंकाबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "तू माझं नाव न्हाई दिलं, बाई. शबुद पाळलास," एवढंच ती म्हणाली आणि सुन्न बोटांनी पुन्हा धार काढायला बसली.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. मच्छिंद्र सुटला. दुसऱ्या दिवसापासून गावातली सगळी जनावरं एकदम ठणठणीत झाली. चांदणी बरी, रंभा बरी. एकीला ना ताप, ना सूज.

मनकर्णावहिनीच्या दारात यशोधरा जरा जास्त वेळ थांबली. वहिनीच्या गाईचे, पैठणीचे, दिवस कालच भरले होते. वहिनी दार अडवून उभी, हात कोपरापर्यंत ओले, पदराला रक्ताचा डाग.

"व्याली का वो, वहिनी?"

"न्हाई अजून. बरी हाय."

"अडली आसंल तर डॉक्टर बोलावते. फोनात काईबी भरत न्हाई. हा बघा, बंद केला."

"बरी हाय म्हनलं ना," मनकर्णा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती दारातून हलली नाही. आत गाय कण्हत होती आणि दोघींना ते ऐकू येत होतं.