दादांनी पाहिलेला आवाज

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते बसचे ड्रायव्हर होते. शाळेला सुट्टी लागली की मला कधीकधी सोबत न्यायचे, सिल्लोडवरून पुढं घाट उतरून जळगावपर्यंत. तेव्हाच्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं, वर जाड झाकण आणि त्यावर काळं रेक्झिन. त्या झाकणावर मी बसायची. फुलंब्री मागं पडेपर्यंत झोप लागलेली असायची. खालून ऊब यायची, सगळं अंग बारीक थरथरायचं आणि त्या घरघरीत दादांचा हात मधूनच डोक्यावर येऊन जायचा. घाट सुरू झाला की आवाज बदलायचा, तो मला झोपेतही कळायचा. इतकी गाढ झोप पुन्हा कुठं मिळाली नाही.

दादांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता आम्ही सिडकोत राहतो, दादा, आई आणि मी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आमच्याकडे एक जुनी राखाडी छोटी कार आहे, दुसऱ्याच्या हातून आलेली. दादांनी डोळ्यांमुळं गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून मीच चालवते आणि ते शेजारी बसतात. रविवारी सकाळी आम्ही दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जातो. काम काहीच नसतं. चहा प्यायचा, पेरू मिळाले तर घ्यायचे, डोंगराच्या कडेला गाडी लावून खालचं धुकं विरताना बघायचं.

अशाच एका रविवारी घाटात गाडी अडखळायला लागली. आधी एक हिसका बसला, मग इंजिनातून फटफट असा तुटका आवाज यायला लागला. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. मी घाबरून दादांकडं बघितलं. ते काचेतून बाहेर बघत होते, शांत.

"दादा, आवाज ऐकताय ना?" मी मोठ्यानं विचारलं.

"व्हय की. चांगली चालली," ते म्हणाले.

मग त्यांचं लक्ष दिव्याकडं गेलं. त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाले, "कचरा आला असंल पेट्रोलात."

मी गाडी कडेला घेतली. दादांना कमी ऐकू येतं हे घरात ठाऊक होतं. टीव्ही मोठा लागायचा, आई एकच वाक्य दोनदा बोलायची. पण गाडीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. एकेकाळी गल्लीतली माणसं स्कूटर घेऊन त्यांच्याकडं यायची, जरा ऐकून बघा म्हणायची. अलीकडं कुणी आलं की दादा म्हणायचे, गरम आहे, थंड झाली की आणा. ते असं का म्हणायचे, ते मला त्या घाटात, धुक्यात उभं राहून कळलं. गाडी हळूहळू खाली उतरवली.

एका गॅरेजवाल्यानं प्लग साफ करून दिले. दिवा गेला आणि आठवडाभरात परत आला. दुसरा म्हणाला, पेट्रोलचा पंप बदलावा लागेल. दोघंही मनापासून सांगत होते, पण दोघांची उत्तरं वेगळी होती. दादा तिथं स्टुलावर बसून दोघांच्या ओठांकडं बघत राहायचे. घरी येऊन मी मोबाईलवर शोधायला लागले, तेव्हा स्कॅनर सापडला. गाडीला लावायचा, तिला विचारायचं, काय दुखतंय.

सोपं वाटलं, पण निवडणं सोपं नव्हतं. काडेपेटीएवढे ठोकळे होते. ते स्टिअरिंगखाली खोचायचे आणि सगळं मोबाईलवर बघायचं. स्वस्त आणि सुटसुटीत. पण दादांना मोबाईल जमत नाही, बोट एकीकडं आणि स्क्रीन दुसरीकडं पळते. मला ते यंत्र त्यांच्या हातात द्यायचं होतं, हे तोवर मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मोंढा नाक्याजवळ स्पेअर पार्टची दुकानं आहेत. एका दुकानात दादांना घेऊन गेले. दुकानदार वयस्कर होते, मेंदी लावलेली दाढी, चष्मा कपाळावर. त्यांनी काउंटरवर तीन-चार यंत्रं मांडली. पहिलं मी उचललं.

"ये नक्को," ते म्हणाले. "ये सिर्फ बिगाड का कोड देता, मिटाता. बाकी कुच नै. हात में वायरवाला लेव, जिस में चलती गाडी का सब दिखता."

"आमच्या गाडीला चालेल का?"

"गाडी बाहर खडी हय ना? लगाके देखो. नै चला तो वापस."

मला ते पटलं. बाहेर उन्हात दादा सीटवर बसले, मी वायरचं टोक स्टिअरिंगखालच्या खाचेत लावलं. किल्ली फिरवली. यंत्राची वायर लांब होती, दादांच्या मांडीपर्यंत आरामात येत होती. बटणं मोठी, रबराची. स्क्रीनवर अक्षरं उजळली आणि उन्हातही वाचता आली. दादांनी चष्मा पुढं ओढला.

"इंग्रजी हाय," ते म्हणाले.

"मी वाचून दाखवते."

"आकडे मला येत्यात," दादा म्हणाले, आणि यंत्र हातातून सोडलं नाही. तेच घेतलं.

त्या दुपारी आमच्या घरासमोर लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती. आई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी कोड वाचायचं बटण दाबलं. यंत्रानं थोडा विचार केल्यासारखा वेळ घेतला आणि उत्तर दिलं: पी शून्य तीनशे दोन. दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये ठिणगी हुकते आहे.

"मग प्लग," मी म्हटलं.

"प्लग तर साफ केलेत," दादा म्हणाले. त्यांच्या तोंडून पेट्रोलातला कचरा पुन्हा निघाला नाही.

यंत्राच्या पुस्तिकेत एक साधा उपाय होता. प्रत्येक सिलेंडरच्या डोक्यावर ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल असते. दोन नंबरची कॉइल तीनवर लावायची आणि तीनची दोनवर. मग कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. कोड जागा बदलून आला तर कॉइल खराब. मी मोठ्यानं वाचलं, दादांना कळलं नाही. मग वहीचा कागद फाडून चित्र काढलं, चार चौकोन आणि दोन बाण. त्यांनी ते बघितलं, आत जाऊन पाना आणला आणि बॉनेट उघडलं. डोळे अधू असले तरी बोटांना बोल्ट सापडत होते. मी टॉर्च धरून नुसती उभी होते.

पैठण रोडला रस्ता मोकळा मिळतो म्हणून चितेगावच्या दिशेनं निघालो. यंत्र दादांच्या मांडीवर. संध्याकाळचं ऊन कारखान्यांच्या पत्र्यांवर पिवळं पसरलेलं, शिफ्ट सुटलेली माणसं सायकली हातात धरून चाललेली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग हिसका बसला, दिवा लुकलुकला. मी गाडी एका कडुलिंबाखाली थांबवली आणि कोड वाचला. तीनशे तीन.

दादांनी शेवटचा आकडा बोटानं दाबून बघितला, खरा आहे की काय म्हणून.

"म्हंजे दोनाचं दुखणं तिनाला गेलं," ते म्हणाले.

"हो."

"कॉइलच हाय मग." आणि ते हसले. किती दिवसांनी असं हसले असतील, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल बसवली. गाडी ठीक झाली. मला वाटलं, यंत्राचं काम संपलं, आता ते कपाटात जाईल. पण दादांनी ते जाऊ दिलं नाही. दुपारी जेवण झालं की ते गाडीत जाऊन बसायचे, वायर लावायचे, इंजिन सुरू करायचे. त्या यंत्रात चालत्या इंजिनाचा ग्राफ दिसायचा. इंजिन किती वेगानं फिरतंय त्याची हिरवी रेघ डावीकडून उजवीकडं सरकत राहायची.

"पेट्रोल जाळत बसलंय माणूस नुसतं," आई म्हणायची, पण हाक मारायला जायची नाही.

एका सुट्टीच्या दुपारी मी जाऊन शेजारच्या सीटवर बसले. काचेवर लिंबाची सावली हलत होती. दादांनी पाय हलकाच दाबला, रेघ चढली. सोडला, रेघ उतरून खाली थरथरत राहिली. ती थरथर मी बघत राहिले आणि डोळे जड व्हायला लागले. सीटमधून तीच बारीक कंपनं येत होती. क्षणभर मी काळ्या रेक्झिनवर होते, बाहेर कपाशीची शेतं मागं जात होती. मग दादांचा आवाज आला, खूप लांबून आल्यासारखा.

"लई दिवस झाले, मला इंजिन ऐकू येत नाय. मला वाटायचं, नव्या गाड्या मुक्याच असत्यात."

मी डोळे उघडले. ते स्क्रीनकडंच बघत होते.

"मग बोलला का नाही?"

"ड्रायव्हर माणूस. काय बोलणार?" मग त्या रेघेकडं बोट करून म्हणाले, "हे दिसतंय तर बरं वाटतंय. बंद झालेलं नाय म्हणून."

कान तपासायला चला, असं मी त्यांना आधी कितीदा म्हटलं होतं. दरवेळी ते उठून जायचे. त्या दिवशी मी म्हटलंच नाही. त्यांनीच विचारलं, "कानाचं असं काढता येतं का? रेघेवर?"

"येतं," मी म्हणाले.

जालना रोडच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं काचेची छोटी खोली होती, भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. दादांना आत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. तपासणाऱ्या बाई बाहेर मशीनपाशी बसल्या आणि मी त्यांच्या मागं. प्रत्येक आवाज सोडला की त्यांच्यासमोर एक दिवा लागायचा. सुरुवातीला दादांचा अंगठा लगेच हलत होता. मग दिवा लागायचा आणि दादा तसेच बसलेले असायचे. परत लागायचा. ते समोरच्या भिंतीकडं बघत वाट पाहत होते, सरळ पाठीनं, स्टँडवर सुटायच्या वेळेची वाट बघत बसायचे तसे. काचेपलीकडं इतके आवाज त्यांच्या कानाशी येऊन जात होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. मला काच वाजवावीशी वाटली.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद पुढं केला. गोल आणि फुल्यांच्या दोन रेघा, एकेका कानाची एक, डावीकडं वर, उजवीकडं जाताना उतारावरून घसरल्यासारख्या खाली. दुसरा कुणी असता तर त्याला ते समजावून सांगावं लागलं असतं. दादांनी चष्मा पुढं ओढला आणि रेघेवरून बोट फिरवत नेलं.

"हितून पडली," ते म्हणाले.

"बरोबर," बाई त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश म्हणाल्या. "इकडं जाड आवाज, ते जरा मोठे असले की येतात तुम्हाला. इकडं बारीक. बायकांचे, लेकरांचे आवाज, स, श, फ ही अक्षरं. ते निसटतात. म्हणून बोलणं चालू आहे हे कळतं, पण काय बोलतात ते कळत नाही."

दादा बराच वेळ कागद बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"म्हंजे तुमी हळू बोलत नव्हता."

"नाही दादा."

"मला वाटायचं, ह्या मायलेकी मुद्दाम पुटपुटत्यात. मला कळू नये म्हणून." बोट अजून त्या उतारावरच होतं. "तुझ्या आईला किती बोललो मी त्याच्यावरून."

घरी येऊन त्यांनी तो कागद आईसमोर धरला आणि बोटानं तो उतार दाखवला. आईला ग्राफ कळत नाही. तिनं कागदाकडं न बघता त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या. जेवून घ्या आधी." हे वाक्य मात्र त्यांना नेमकं कळलं.

कानातली यंत्रं यायला काही दिवस लागले. बसवली तेव्हा त्यांना पहिल्यांदा सगळं नकोसं झालं. भांडी वाजली की दचकायचे, नळाचं पाणी धबधबा वाटायचं. काढून डबीत ठेवायचे, परत घालायचे. आई आता हळू बोलायला शिकते आहे. तेही सोपं नाही, इतक्या वर्षांची सवय आहे, आणि मधूनच तिचं तिलाच हसू येतं.

एका रविवारी खुलताबादहून परत येताना थंडी होती, काचा बंद होत्या. दादांच्या कानात यंत्रं होती. वेरूळकडून येणारी एक गाडी पुढं जाऊ दिली आणि मी रस्त्याला लागले. बरंच पुढं आल्यावर त्यांनी मान तिरकी केली.

"टिक टिक काय वाजतंय गं?"

मी कान दिला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग कळलं.

"इंडिकेटर चालू राहिलाय, दादा."

"मग बंद कर," ते म्हणाले.