दसऱ्याला गाडी गप्प बसली

नवऱ्याच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते आणि आयुष्यात सायकलसुद्धा धड चालवलेली नव्हती. साखरेनं डोळ्याचा आतला पडदा खराब झालाय, डॉक्टर म्हणाले. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ह्यांनी ऐकलंच नाही. तीस वर्षं टेंपो चालवलेला माणूस. कर्जतहून रसायनीच्या कंपन्यांत माल न्यायचा, रिकामे ड्रम परत आणायचे. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेंपोखाली कोंबडीसुद्धा आली नाही, आणि घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे ऐकावंच लागायचं.

मग आता गाडी कोण चालवणार? मुलगी पुण्याला. राहिले मी, ब्लाउज शिवणारी बाई. शिकवणारा मास्तर डोकं धरून बसायचा. "ताई, ही शिलाई मशीन नाय, पाय सारखा मारू नका!" मला ना क्लचची भीती होती, ना घाटाची. भीती एकच, आणि ती मी सगळ्यांना बोलून दाखवायची: माझ्या हातून कुणी मरायला नको. लायसन्स मिळाल्यावरही मी दोन महिने वीसच्या वर गेले नाही. मागचे हॉर्न मारून मारून बेजार. मारा म्हटलं, माझं काय जातंय?

म्हणून मुलीनं हट्टानं ती नवीन गाडी घ्यायला लावली. पुढं कुणी आडवं आलं की ती वाजते, आपण ब्रेक नाही दाबला तर स्वतः दाबते. तिचा कॅमेरा समोरच्या काचेला, वर मधोमध, आरशाच्या मागं. ह्यांना ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोशी झाली. रिक्षा आडवी आली, वाजली. म्हैस आली, वाजली. "गाडी तू चालवतीस का ती तुला चालवती गं?" हे विचारायचे. "ड्रायव्हरचं डोळं उघडं असलं की झालं. ही कटकट कशाला हवी?" मी म्हणायची, तुमचे डोळे उघडे असून काय उपयोग? लागेल असं बोलले, हे मला नंतर कळायचं, पण जीभ आवरत नाही त्याला काय करू?

मला ती गाडी आवडायची. एकदा पळसदरीला धरणावर आलेली पोरं फोटो काढता काढता मागं मागं सरकत थेट रस्त्यात आली. माझं लक्ष ह्यांच्याशी भांडण्यात. गाडीनं खाडकन ब्रेक मारला. पोरं वाचली आणि मीही वाचले. घरी येऊन मी तिच्या बॉनेटवर हात ठेवून नमस्कार केला. त्यानंतर मी चाळीसवर गेले, मग पन्नासवर. शेजारणी म्हणायला लागल्या, काय धीट झालीस गं! मलाही तसंच वाटत होतं. ती भीती कधी निघून गेली, माझ्या ध्यानातही आलं नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा करायचा मान ह्यांचाच. झेंडूचा हार, आंब्याची पानं, नारळ, सगळं रीतसर. आणि टेंपोवर असतानाची रीत अशी की स्वस्तिक काचेच्या कपाळावर काढायचं, अगदी वर मधोमध. तिथं काढलं की चालवणाऱ्याच्या नजरेच्या आड येत नाही. अनुभवी ड्रायव्हरचा शहाणपणा तो, त्यात चूक काहीच नव्हती. तेलात कालवलेलं कुंकू, बोटानं चांगला जाड थर.

गाडी सुरू केली तर पडद्यावर पिवळी अक्षरं. माझं इंग्रजी जेमतेम, पण कॅमेरा हा शब्द वाचता येतो. "अहो, त्याच्यावर कुंकू आलंय. ती वाजायची नाही आज."

"आजच्या दिवशी कुंकू पुसतीस? डोकं ठिकाणावर हाय ना?"

खोटं कशाला बोलू, पुसायला माझाही हात धजला नसता. उद्या पुसू म्हटलं आणि निघालो. माझा भाऊ खालापूरच्या पुढं राहतो, त्याच्याकडं सोनं द्यायला जायचं होतं. आपट्याची पानं मांडीवर घेऊन हे शेजारी बसले.

पळसदरी मागं टाकली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, काही ठिकाणी कापणीही लागलेली. एक बाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून रस्त्यावर चढली. भारा एवढा मोठा की तिला आजूबाजूचं काही दिसत नसणार. पण मला ती दिसली. हे मला स्वच्छ सांगायचंय, मला ती दिसली होती. ती रस्ता ओलांडायला लागली आणि मी तशीच बसून राहिले, पाय अॅक्सिलरेटरवर. भारा मोठा होत गेला. मग तो वळला, खालून तिचा चेहरा दिसला, आणि तेव्हा कुठं माझा पाय ब्रेकवर पडला.

टायर किंचाळले. भारा बॉनेटवर आदळला, समोर काही दिसेना. मेली, मी म्हटलं. मारली मी हिला. दार उघडून कशीबशी उतरले तर बाई पुढं उभी, पदर झटकत.

"डोळं फुटलं का गं तुजं, भवाने? एवढी धडधाकट बाय दिसत नाय?"

मी तिचे दोन्ही हात धरले आणि रस्त्यातच रडायला लागले. ती आणखीच वैतागली. "आता रडतीस काय? भारा उचलू लाग!" मी उचलू लागले. ती शिव्या देत पलीकडच्या बांधावरून चालत गेली, आणि ती चालताना दिसतेय तोवर मी बघत राहिले.

गाडीत येऊन बसले. हे जागचे हलले नव्हते. पानं सगळी पायाशी सांडलेली. तीस वर्षांचा ड्रायव्हर, आता माझी खरडपट्टी काढणार, आणि काढायलाच हवी होती.

"बोला ना," मी म्हटलं. "द्या शिव्या."

हे समोर बघत होते. "ह्या असल्या डोळ्यांनीबी मला ती दिसली व्हती गं. बांधावर व्हती तवाच दिसली."

"मग ओरडला का नाहीत?"

हे वाकून पायाशी सांडलेली पानं गोळा करायला लागले. मग म्हणाले, "मी म्हटलं, आता वाजंल."